चिठ्ठी द्यायची, मसाला नाही

गेल्या पावसाळ्यापासून मी लोकलमध्ये जावास्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारी प्रोग्रामिंगची भाषा, शिकतेय, म्हणजे व्हिडिओ बघत होते, शिकतेय असं आत्ता आत्ता म्हणायला लागलेय. भांडुप ते मस्जिद स्लो गाडी, जाऊन येऊन दीड-पावणेदोन तास, कानात इअरफोन, एका हातात वरची कडी, दुसऱ्या हातात फोन आणि फोनच्या आणि डोळ्यांच्या मध्ये कुणाची तरी ओली वेणी. ऑफिसात माझं काम एक्सेलमध्ये बिलं जुळवायचं, बारा वर्षं तेच. जावास्क्रिप्टच का, तर काही इन्स्टॉल करायला लागत नाही, ब्राउझर उघडायचा, एफ १२ दाबायचं, कन्सोल समोर, म्हणजे कोड लिहून तिथेच चालवून बघायची जागा. आमच्याकडे साधा कॅल्क्युलेटर टाकायचा तरी आयटीवाल्याला मेल करावी लागते, त्यामुळे हा मुद्दा माझ्यासाठी फार मोठा होता.

व्हेरिएबल, इफ-एल्स, फॉर लूप इथपर्यंत गाडी बरी चालली. फंक्शन म्हणजे नाव देऊन ठेवलेलं एक काम, तेही जमलं. मग आलं हायर ऑर्डर फंक्शन, आणि सिग्नल लागला तो लागलाच. जे फंक्शन दुसऱ्या फंक्शनला आत घेतं किंवा फंक्शनच परत देतं ते हायर ऑर्डर. हे वाक्य मी वहीत चार वेळा लिहिलं, मराठीत लिहूनही तेवढंच अगम्य राहिलं. वर तो व्हिडिओतला सर अ‍ॅरे (म्हणजे यादी) म्हणाला की गाडीच्या खडखडाटात मला आरे ऐकू यायचं, आरेला फिल्टर लावा, आरेवर मॅप चालवा, पहिले दोन दिवस माझ्या डोळ्यांसमोर गोरेगावची झाडं.

एकूण तीन वेगवेगळ्या सिरीज बघितल्या. तिन्हीत तेच उदाहरण, आकड्यांची यादी घ्या आणि प्रत्येक आकडा दुप्पट करा. अरे कोण घरी बसून आकडे दुप्पट करतं? आणि व्हिडिओचं वाईट काय माहितीये, बघताना सगळं कळतं. सर टाइप करतो, रन करतो, उत्तर येतं, आपण मान डोलावतो, विक्रोळी जातं, घाटकोपर जातं. घरी येऊन रिकामं कन्सोल उघडलं की हात थंड. सर कधी चुकतच नाही, किंवा चुकतो तेवढं कापून टाकतो, मग चुकल्यावर काय करायचं ते मी कुठे बघणार.

माझी चूक शेवटी भाचीने पकडली. ती इंजिनिअरिंगला आहे, रविवारी जेवायला आली होती. मी एक तीन सेकंदांनी दिसणारा मेसेज बनवायला बसले होते, सेटटाइमआउट वापरून, म्हणजे दिलेलं फंक्शन ठरलेल्या वेळाने चालवणारं ते, आणि तो मेला तीन सेकंद थांबतच नव्हता, एंटर मारलं की लगेच हजर. तिने वाटी हातात धरूनच स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाली, "मावशी, तू त्याला फंक्शन दिलंच नाहीस. तू ते आधीच चालवून टाकलंस आणि जे उरलं ते त्याला दिलंस."

"उरलं म्हणजे काय?"

"काहीच नाही. अनडिफाइन्ड."

तर भानगड कंसांची होती. फंक्शनचं नुसतं नाव लिहिलं तर ते फंक्शन हातात धरून पुढे दिलं जातं, नावापुढे कंस लावले की ते तिथल्या तिथे चालतं. दोन वळणाच्या रेघा, बास. आणि हे कुठल्याच सराने मला थांबून सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तेव्हा मी नेमकी कुर्ल्याच्या गर्दीत असेन.

दुसऱ्या दिवशी लेडीज डब्यात नेहमीप्रमाणे बसलेल्या एकीला विचारलं, कुठे उतरणार? ती म्हणाली दादर. मी म्हटलं, उठताना मला सांगा हां. आणि तिथेच टकुऱ्यात उजेड पडला. हाच तो कॉलबॅक! मी तिला सांगून ठेवलंय की अमुक झालं की मला हाक मार, आता मी निवांत उभी राहून व्हिडिओ बघू शकते, कधी हाक मारायची ते तिने बघायचं. बटणावर क्लिक झालं की हे फंक्शन चालव असं अ‍ॅडइव्हेंटलिसनरला सांगतात ते हेच. आणि मी कंस लावून बसले होते म्हणजे बाई उठायच्या आधीच मी तिच्या मांडीवर.

पण कॉलबॅक कळला तरी मॅप, फिल्टर, रिड्यूस ही यादीवर चालणाऱ्या फंक्शनांची तिकडी लांबच होती. ती कळली एप्रिलमध्ये, लालबागच्या मिरची गल्लीत.

दरवर्षी आईचा मसाला तिथूनच होतो. बेडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, मग धणे, दगडफूल, नागकेशर, सगळं तिथेच घ्यायचं, तिथेच भाजून घ्यायचं आणि तिथेच डंकावर कुटून घ्यायचं. यंदा आमची, मामाची आणि आत्याची अशा तीन पिशव्या होत्या. आईने कॅलेंडरच्या फाटक्या पानामागे लिहिलेली चिठ्ठी दिली, किलोला कुठला जिन्नस किती, काय आधी भाजायचं, काय शेवटी टाकायचं. डंकवाल्याने ती वाचलीसुद्धा नाही, घडी करून वजनाखाली ठेवली. नंबर आल्यावर काढली, आणि तिन्ही पिशव्यांना एकामागून एक तीच चिठ्ठी लावली. आमच्या मागे एक मालवणी मसालेवाल्या काकू होत्या, त्यांची चिठ्ठी वेगळी, त्यांच्यात बडीशेप वगैरे बरंच काही. डंक तोच, माणूस तोच, ठणठणाट तोच. मी नाकाला ओढणी लावून शिंकत शिंकत बघत होते आणि मनात म्हटलं, हा माणूस मॅप आहे.

म्हणजे बघा ना, डंकाला आमची रेसिपी पाठ नाहीये. पिशव्या एकामागून एक घेणं, प्रत्येकीवर चिठ्ठीत लिहिलेलं करणं आणि तेवढ्याच पिशव्या परत देणं, एवढंच त्याचं काम. रेसिपी चिठ्ठीत. चिठ्ठी म्हणजे फंक्शन. आणि कंस लावून देणं म्हणजे घरूनच मसाला करून नेऊन डंकवाल्याच्या हातात ठेवणं, घे, आता या मसाल्याप्रमाणे कुट. तो बिचारा काय करणार.

त्या रात्री व्हिडिओ लावलाच नाही. मॅप स्वतःच्या हाताने लिहायचा ठरवलं, तयार मॅप न वापरता, साध्या फॉर लूपने. जावास्क्रिप्टमध्ये नावं देवनागरीत चालतात हे मला तोवर माहीत नव्हतं, मी गंमत म्हणून टाकून बघितली आणि चक्क चालली! फंक्शनचं नाव ठेवलं डंक, त्याला दोन गोष्टी द्यायच्या, पिशव्या आणि चिठ्ठी. आत एक रिकामी यादी, मग लूप, लूपमध्ये चिठ्ठी(पिशवी) असं लिहून जे येईल ते यादीत ढकलायचं, शेवटी यादी परत. पाच-सहा ओळी. डंक(ऑर्डरी, दुप्पट) चाललं, डंक(ऑर्डरी, दुप्पट()) मुद्दाम करून बघितलं तर लाल अक्षरात ओरडलं की चिठ्ठी हे फंक्शनच नाही. त्या लाल ओळीचा मला एवढा आनंद झाला की मी नवऱ्याला उठवून दाखवली, तो म्हणाला छान आणि झोपला. मग त्याच लूपमध्ये, चिठ्ठी हो म्हणाली तरच यादीत घे, असं केलं की झाला फिल्टर. आणि यादीऐवजी एकच पातेलं ठेवून त्यात एकेक ओतत गेलं की रिड्यूस.

मग शिव्या घालायला कुणीतरी हवं म्हणून हे सगळं केलं कुणी ते शोधलं. १९९५ साली नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत ब्रेंडन आइक नावाच्या माणसाने पहिला नमुना दहा दिवसांत उभा केला. त्याला तिथे घेतलं होतं ते स्कीम नावाची भाषा ब्राउझरमध्ये आणायची असं सांगून, पण वरून हुकूम आला की दिसायला जावा या दुसऱ्या भाषेसारखं पाहिजे. मग त्याने अंगावर कपडे जावाचे चढवले आणि फंक्शनला आकड्यासारखं, अक्षरासारखं उचलून इकडून तिकडे देता येणं ही स्कीमची सवय आत तशीच राहू दिली. मॅप, फिल्टर, रिड्यूस मात्र भाषेच्या अधिकृत नियमात आले २००९ च्या पाचव्या आवृत्तीत, आणि तो बाणवाला अ‍ॅरो फंक्शनचा, फंक्शन आखूडात लिहायचा, प्रकार २०१५ मध्ये. माणसाला नोकरीत सांगतात एक आणि करायला लावतात दुसरं, हे वाचून शिव्या राहिल्याच.

आता खरी कामाची गोष्ट. आमचा मसाला बघून बिल्डिंगमधल्या पाच घरांनी, आमचाही आणा, अशी ऑर्डर दिली. मी म्हटलं चला, हिशोब कन्सोलमध्येच करू. व्हॉट्सअ‍ॅपवरचे आकडे जसेच्या तसे उचलून यादी केली, २, ३, ५, १ आणि १०. दहावाल्या काकूंची खानावळ आहे. रिड्यूस लावला, सुरुवातीचं पातेलं शून्य, एंटर.

उत्तर आलं ०२३५११०.

दोन लाख पस्तीस हजार एकशे दहा किलो मिरची! अख्खी गल्ली उचलून आणली तरी पुरणार नाही. नीट बघितलं तर आकडे अवतरणचिन्हांत होते, म्हणजे जावास्क्रिप्टच्या लेखी ती अक्षरं, आणि अक्षरांना अधिक केलं की बेरीज होत नाही, एकापुढे एक चिकटतात. ठीक आहे, आधी मॅपने सगळ्यांचे आकडे करू. पार्सइंट नावाचं फंक्शन असतं, अक्षरातून आकडा काढून देणारं, मी आता शहाणी झालेली, कंस न लावता नुसतं नाव मॅपला दिलं. यादी आली, २, नॅन, नॅन, १, ४. नॅन म्हणजे हा आकडाच नाही. दोन घरं गायब आणि खानावळीच्या काकूंचे दहाचे चार किलो.

यावर माझे दोन दिवस गेले. चिठ्ठी बरोबर, डंक बरोबर, मसाला चुकतोय. झालं असं की मॅप तुमच्या फंक्शनला एकटी पिशवी देत नाही, सोबत तिचा नंबरही देतो, आणि तिसरी म्हणून अख्खी यादी. माझ्या फंक्शनने दुसरं-तिसरं घेतलंच नव्हतं म्हणून मला कधी कळलं नाही. पार्सइंट मात्र दुसरी गोष्ट हावरटासारखी घेतो, त्याला वाटतं कितीच्या पायावर मोजायचं ते सांगतायत. नंबर शून्यापासून सुरू होतात, शून्याला तो नेहमीचंच, दहाच्या पायावरचं मोजणं धरतो म्हणून पहिलं घर वाचलं. दुसऱ्याला पाया एक, असा पायाच चालत नाही. तिसऱ्याला दोन, त्यात फक्त शून्य आणि एक, पाच हा अंकच नाही. चौथ्याला तीन, तिथे १ चा १ निघाला, नशीब. आणि पाचव्या काकूंना पाया चार, चारच्या पायात एक-शून्य म्हणजे चार. चूक नव्हतीच हो, त्याच्या परीने तो अगदी बरोबर होता. मी पार्सइंटऐवजी अक्षरांचा आकडा करणारं नंबर नावाचं दुसरं फंक्शन दिलं, ते पहिल्याच गोष्टीकडे बघतं, आणि बेरीज आली २१.

अजून एक खड्डा सांगून ठेवते, अ‍ॅरो फंक्शनला महिरपी कंस टाकले की उत्तर परत द्यायला आत रिटर्न लिहावं लागतं, नाहीतर पाचही घरांना अनडिफाइन्ड. यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली, जास्त बोलत नाही.

फंक्शन परत देणारं फंक्शन मात्र आईमुळे पटकन कळलं. तिच्याकडे कुणी चिठ्ठी मागितली की ती आधी विचारते, तुमच्याकडे तिखट कितपत खातात? मग त्याप्रमाणे मापं बदलून लिहून देते. चिठ्ठीवर तिखटाबद्दल शब्दही नसतो, पण दिलेलं उत्तर त्या मापांत मुरलेलं असतं, ती चिठ्ठी वर्षभराने काढली तरी. मी तसंच एक फंक्शन केलं, त्याला कांडपाचा दर दिला की ते हिशोब करणारं फंक्शन परत देतं, आणि दर त्याच्या लक्षात राहतो. याला क्लोजर म्हणतात. व्हिडिओत हा वेगळा दीड तासाचा भाग आहे.

परवा रविवारी लालबागला जायचंय. यादी तयार, कुणाचे पैसे आले ते फिल्टर करून झालं, बेरीज जुळली, सगळं आईला दाखवलं, ती म्हणाली हे मी बोटांवर केलं असतं. ते खरंच आहे. तेवढ्यात खानावळीच्या काकूंचा मेसेज, "अगं दहा नको, साडेदहा कर गं."

आकड्यात नाही, अक्षरात. मी तसाच कॉपी करून यादीत टाकला आणि एंटर मारलं. नॅन.