आमची वाटचाल: पेटीपासून क्लॅरिनेटच्या बेलपर्यंत

गोव्यातल्या फोंड्याचं आमचं दुकान मुळात पेटीचं. बाबा हार्मोनियमची कामं करायचे, भाता, पट्ट्या, सूर लावणं, सगळं, आणि गिऱ्हाईक म्हणजे आजूबाजूच्या गावांतली भजनी मंडळं. क्लॅरिनेट दुकानात पहिल्यांदा आणलं ते सासष्टीच्या एका बँडवाल्याने, फेस्त, म्हणजे चर्चचा उत्सव, दोन दिवसांवर आलेला आणि एक स्प्रिंग तुटलेली, तो बाबांना म्हणाला पेटीच्या स्प्रिंगा बसवता ना मग हीसुद्धा बसवा. बाबांनी बसवली. तेव्हापासून बँडवाले यायला लागले ते आजपर्यंत.

गोव्यात ह्या वाद्याला त्रास भरपूर. चार महिने पाऊस, त्यात खारी हवा, स्टीलच्या बारीक स्प्रिंगा गंजतात, भोकं झाकणारी पॅड फुगतात, लाकूड ओल धरतं आणि वाद्याचे तुकडे, म्हणजे जॉइंट, एकमेकांत अडकून बसतात. म्हणून आमचा खरा सीझन ऑक्टोबर, कारण पुढे जुन्या गोव्याचं 3 डिसेंबरचं फेस्त, मग लग्नं, आणि सगळ्यांना वाद्य आत्ताच्या आत्ता हवं असतं.

मी दुकान हातात घेतल्यावर थोडं वाढवायचं ठरवलं आणि रीड (फुंकल्यावर थरथरणारी पट्टी), माउथपीस (तोंडात धरायचा भाग), बॅरल (त्याच्या खालचा आखूड तुकडा) असं सुटं सामान ठेवायला लागलो. तेव्हाच पोरं मोबाईलवर व्हिडिओ दाखवून विचारायला लागली, कोकोबोलो लाकडाची बेल, म्हणजे टोकाचा घंटेसारखा भाग, मिळेल का, आवाज एकदम मोठा आणि गोड होतो म्हणे. मी मागवल्या. 2017 ला ह्या जातीच्या सगळ्या लाकडांवर साइट्सचे (दुर्मिळ झाडा-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे) नियम आले तेव्हा कागदपत्रांनी जीव काढला, 2019 मध्ये तयार वाद्यं आणि सुट्या भागांना सूट मिळाली तेव्हा कुठे सुटलो. बेल विकल्या जात होत्या, मार्जिन चांगलं होतं, मी खूश होतो.

मग एक गिऱ्हाईक परत आलं. वयस्कर मेस्त, म्हणजे चर्चमध्ये पोरांना संगीत शिकवणारे. त्यांची तक्रार होती की मधला बी हा सूर दबका येतो, खालचा ई पण धड लागत नाही, म्हणून मीच त्यांना बेल दिली होती. ते म्हणाले, "बाब, बेल सुंदर आहे, पण बी तसाच आहे."

मला ते फार लागलं. वाद्य ठेवून घेतलं आणि रात्री सिगारेटच्या कागदाची पट्टी घेऊन एकेका पॅडखाली धरून ओढून बघितली. सगळी पॅड कागद धरत होती, फक्त खालच्या जॉइंटचं शेवटचं मोठं पॅड सोडून, तिथून कागद सरळ निघून आला. ईसाठी बोट दाबलं की खालची दोन्ही मोठी पॅड एकदम बसायला लागतात, इथे वरचं आधी टेकत होतं आणि खालचं केसभर उघडं राहत होतं. स्पिरिटच्या दिव्यावर पॅडचा कप गरम केला, पॅड चिकटवलेली लाख मऊ झाली, पॅड सरळ केलं, बस. सकाळी मेस्तांनी त्यांची जुनीच बेल लावून बी वाजवला, नुसता घंटेसारखा. नव्या बेलचे पैसे मी परत दिले.

त्यानंतर मी नीट अभ्यास केला. क्लॅरिनेटचा आवाज सगळा बेलमधून येतो असं वाटतं पण तसं नाहीये, तो बराचसा पहिल्या उघड्या भोकांतून बाहेर पडतो. सगळी भोकं बंद असतात तेव्हाच सगळा आवाज बेलमधून जातो, म्हणजे खालचा ई आणि रजिस्टर की (सूर वरच्या पट्टीत नेणारी) दाबल्यावर त्याच बोटांवर लागणारा बी. बी फ्लॅट क्लॅरिनेटवर तो ई साधारण 147 हर्ट्झ आणि बी त्याच्या तिप्पट, 440. साधारण 1500 हर्ट्झच्या वरचे उपस्वर उघड्या भोकांना न जुमानता पुढे बेलपर्यंत जातात, त्यामुळे बाकीच्या सुरांच्या रंगात थोडा फरक पडू शकतो, पण थोडाच. आणि गंमत बघा, बेलचा जोर ज्या दोन सुरांवर चालतो तेच दोन सूर ती खालची पॅड बिघडवतात, म्हणून माणूस बेलला दोष देतो.

दुकानात पडदा लावून पण बघितलं. मेस्त पडद्यामागे वाजवत होते, तीन बेल, मी आणि मुलगा इकडे ऐकत होतो आणि बायको वहीत लिहीत होती. ई आणि बी आम्हाला ओळखता आले, मधल्या स्केलमध्ये आम्ही सपशेल चुकलो. मेस्तांना मात्र हातात फरक जाणवत होता, जड बेल लावली की उजव्या अंगठ्यावर भार येतो आणि तो वाजवणाऱ्याला आवाजातच आहे असं वाटतं.

बेल बदलून काहीच होत नाही असं मी म्हणणार नाही. ज्याचा ई सुरात खाली बसतो, आणि तो बऱ्याच क्लॅरिनेटवर बसतोच, त्याला वेगळ्या आकाराच्या बेलने खरंच मदत होते. आतला आकार महत्त्वाचा, लाकडाचं नाव त्यामानाने नाही. तडा गेलेली किंवा डुगडुगणारी बेल तर बदलायलाच हवी. पण आता बेल मागायला आलेल्याला मी आधी कागदाची पट्टी दाखवतो, मग रीड, मग माउथपीस, मग बॅरल, आणि एवढं करूनही हवी असेल तर आठ दिवस घरी नेऊन वाजवा म्हणतो. बेलची विक्री पुष्कळ कमी झाली. दुरुस्तीची कामं इतकी वाढली की मागची खोली रिकामी करून तिथे दुसरं टेबल टाकलं, त्यावर मुलगा बसतो.

मेस्तांच्या शाळेतली पाच क्लॅरिनेट सध्या त्याच टेबलावर आहेत. दोन झाली, तिसऱ्याच्या स्प्रिंगा काल बदलल्या, उरलेली फेस्ताच्या नोव्हेनाआधी, म्हणजे फेस्तापूर्वीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेआधी, पोचवायची आहेत.