नळीतून दिसलेला कूर्म

गेल्या आषाढात कोल्हापुरातल्या गुजरी या सराफपेठेतल्या एका सराफाने मला एका जुन्या कोल्हापुरी साजाची छायाचित्रे काढण्यासाठी बोलावले. साज नव्याने गाठवायला आला होता आणि जुना दोरा सोडवण्यापूर्वी प्रत्येक पानाची नोंद व्हावी, असा साजाच्या मालकीण असलेल्या आजींचा आग्रह होता. साजाला २१ पाने असतात : दशावतारांची १०, अष्टमंगळाची ८, माणिक-पाचूची २ आणि एक डोरले. यातले एकेक पान जेमतेम नखाएवढे होते.

अगदी जवळून बारीक वस्तू टिपणाऱ्या माझ्या मॅक्रो लेन्सने नेमकी पावसाळी दमटपणात बुरशी धरली होती. पिशवीत उरली होती ती अपर्चरची, म्हणजे प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राची, कडी असलेली ५० मिमीची जुनी लेन्स आणि १२, २० व ३६ मिमीच्या तीन एक्स्टेन्शन ट्यूब. या ट्यूबमध्ये काच नसते. लेन्सला सेन्सरपासून लांब नेणारी ती नुसती पोकळ नळी. फोकस अनंतावर ठेवून तिन्ही नळ्या, म्हणजे ६८ मिमी, जोडल्या की सेन्सरवरची प्रतिमा वस्तूच्या १.३६ पट होते. मी हौसेने तशीच सुरुवात केली, आणि ती चूक ठरली. लेन्स पानाच्या इतकी जवळ आली की सोन्यात तिचीच काळी सावली उमटू लागली. शिवाय अपर्चरचा आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी; तो ८ वर असूनही प्रत्यक्षात १९ च्या आसपास गेल्याने सुमारे अडीच स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) प्रकाश कमी झाला. फोकसची खोली, म्हणजे स्पष्ट दिसणारा थर, तर अर्ध्या मिलिमीटरच्याही आत होती. त्यात खालच्या कारागिराच्या हातोडीचा प्रत्येक घाव माळ्याच्या लाकडी तक्तपोशीतून ट्रायपॉडपर्यंत पोहोचत होता.

अखेर मी फक्त ३६ मिमीची नळी ठेवली. प्रतिमा ०.७२ पट झाली, पण पान आणि लेन्स यांच्यामध्ये दिव्याला वाट मिळाली. दिव्यापुढे बटर पेपर धरला, अपर्चर ११ वर नेले आणि लेन्सची फोकसची कडी फिरवण्याऐवजी सरकपट्टीवरून अख्खा कॅमेराच केसाकेसाने पुढे सरकवत प्रत्येक पानाच्या आठ-दहा चौकटी घेतल्या, म्हणजे दर चौकटीत पानाचा पुढचा थर स्पष्ट येई. दर चौकटीपूर्वी खाली हाक मारून हातोडी थांबवावी लागे; कारागीर वैतागला, पण थांबत गेला.

मत्स्य, वराह, नरसिंह यांच्या कडेचे रवे, म्हणजे सोन्याचे बारीक दाणे, पडद्यावर मोठे करून पाहिले, तेव्हा ते थोडे लहानमोठे आणि प्रत्येकाच्या बुडाशी डाखाची, म्हणजे सोने जोडणाऱ्या झाळाची, बारीक रेघ असलेले दिसले. कूर्माच्या पानावरचे रवे मात्र एकसारखे, एकाच अंतरावर होते आणि डाखाचा मागमूसही नव्हता. ते पान हाताने रवे जोडून नव्हे, तर ठशातून काढलेले असावे, अशी मला शंका आली. सराफांनी डोळ्याला भिंग लावून पान बराच वेळ उलटेपालटे केले आणि म्हणाले, “ठशाचंच आहे. मागाहून बसवलंय कुणीतरी.”

आजी समोरच बसल्या होत्या. त्यांनी पडद्यावरचे कासव पाहिले, मग साज हातात घेऊन ते पान अंगठ्याने चाचपले.

“सासूबाईंनी माझ्या गळ्यात घातला, तेव्हापासून हा असाच आहे,” त्या म्हणाल्या. “त्या कधी बोलल्या नाहीत.” मग सराफांकडे वळून त्यांनी सांगितले, “गाठवताना हे पान होतं तिथंच ठेवा.”

अजून अष्टमंगळाची पाने बाकी होती. मी पुन्हा हातोडी थांबवायला सांगितली.