दिवे घाटातला धावा

घाटात पाऊस नव्हता, नुसता दमट उकाडा. माऊलींच्या रथाला जादा बैलजोड्या लावल्या होत्या. पोटऱ्या भरून आल्या म्हणून मी वळणावर कडेला टेकलो.

मी नगरचा ख्रिस्ती. शेजारचे काका दरवर्षी दिंडीत जातात. यंदा म्हणाले, "चल माझ्याबरोबर, घरात बसून काय करतोस?" त्यांना माहीत होतं. माझ्या मुलाला लहानपणापासून फिट्स येतात. चार महिन्यांपूर्वी एकाने प्रार्थनेनंतर मला बाजूला घेऊन सांगितलं, बापाचा विश्वास कमी पडतोय. तेव्हापासून मी उपासनेला गेलो नव्हतो.

आधार म्हणून त्याने बायबलमधला, मार्काच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय दाखवला होता. तिथेही असाच बाप आहे. मुलगा कोसळतो, तोंडाला फेस येतो. येशू विचारतो, हे केव्हापासून? बाळपणापासून, बाप सांगतो. आणि शेवटी ओरडतो, "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका." ते 'घालवून टाका' मला टोचायचं. आधी मन साफ कर, मग पोराचं बघू, असं ऐकू यायचं.

टाळ मला परके नाहीत. रेव्हरंड टिळकांची भजनं म्हणतच आम्ही वाढलो. दिंडीने चोखोबांचा अभंग धरला, 'धाव घाली विठू'. आणि चर्चच्या पाळकांनी अभ्यासवर्गात फळ्यावर लिहिलेला, 'घालवून टाका'च्या जागचा मूळ ग्रीक शब्द एकदम आठवला: बोएथेइ. हाक आणि धावणं, दोन्ही त्या एका शब्दात आहेत. हाकेला धावून ये. बापाने हाच शब्द आधी पोरासाठी वापरलाय आणि लगेच दोन वचनांनंतर स्वतःच्या अविश्वासासाठी. आजारी पोर आणलं तसाच त्याने आपला अविश्वासही आणलाय, लपवलेला नाही. मराठीत याला नेमका शब्द आहे, धावा.

येशू त्या ओरडण्याला उत्तर देत नाही. विश्वास किती उरलाय, विचारत नाही. मुलाकडे वळतो आणि हात धरून त्याला उठवतो.

चोखोबा तर बडव्यांचा मार खात हाक मारत होते. 'चालू नको मंद' असं देवाला म्हणणाऱ्याचा विश्वास कमी होता, असं कोण म्हणेल?

मी उठलो. काकांनी काही न विचारता त्यांचे टाळ माझ्या हातात दिले.

सासवडला पोचल्यावर घरी फोन केला. बायको म्हणाली, "दुपारी एक फिट येऊन गेली. आता झोपलाय." मी तिला फोन त्याच्या कानाशी धरायला सांगितला.