क्रोशा अपडेट: मफलर निमुळता का होत होता ते सापडलं एकदाचं

मागच्या वेळी रडगाणं गायलं होतं ना, की सोसायटीतल्या चौघींना शिकवायला घेतलं आणि तिघींचे मफलर वर जाता जाता निमुळते व्हायला लागले? काल उत्तर सापडलं आणि चूक माझीच निघाली. मला स्वतःला सुई हातात धरून जेमतेम सव्वा वर्ष झालंय, त्यात हा मास्तरकीचा उद्योग, असो.

तर झालं असं. पहिली ओळ 30 खांबांची (खांब म्हणजे क्रोशाचा उंच टाका), सगळ्यांची बरोबर. बारा ओळींनंतर मोजले तर 18! म्हणजे दर ओळीला बरोबर एक खांब गायब. मी आधी हात घट्ट पडतोय म्हटलं, मग 4 मिमीची सुई काढून 4.5 ची दिली, मग लोकरीवर खापर फोडलं (ती काळी लोकर नवशिक्यांना अजिबात देऊ नका, टाकेच दिसत नाहीत, माझे पंधरा दिवस त्यात गेले). काही फरक नाही. आणि मी विणून दाखवला की सरळसोट 30 चे 30. मला वाटायचं या मोजत नाहीत धड.

चौथ्या काकू डावखुऱ्या. माझे हात बघून त्यांना गरगरायचं, म्हणून त्या वर बघायच्याच नाहीत, मी बोलेन ते वहीत उतरवायचं आणि वहीत बघून विणायचं. त्यांचा मफलर एकदम सरळ! म्हटलं काकू, तुम्ही करता काय नक्की? तर म्हणाल्या, "अगं तूच सांगितलंस ना, वळल्यावरच्या तीन साखळ्या म्हणजे पहिला खांब. मग तो खांब असेल तर परत येताना त्याच्या डोक्यावर पण एक घालायला नको?"

(साखळी म्हणजे साधा फासा, ओळ संपवून वळलं की खांबाच्या उंचीला यायला तीन घालतात.) मी गप्प. घरी येऊन मोबाईल उशीला टेकवून स्वतःच्या हातांचा व्हिडिओ काढला. तोंडाने सांगत होते "तीन साखळ्या म्हणजे एक खांब, म्हणून पहिलं घर सोडा", (घर म्हणजे खालच्या ओळीतल्या टाक्याचं डोकं) आणि हात मात्र पहिल्याच घरात खांब घालत होते आणि शेवटी त्या साखळ्यांना शिवतही नव्हते! म्हणजे मी साखळ्या खांब म्हणून धरतच नव्हते. ती पण पद्धत चालते, हिशोब जुळतो. पण त्या तिघींनी सुरुवात माझ्या तोंडाची घेतली आणि शेवट माझ्या हातांचा, दोन्हीकडून घर सुटलं, ओळीला एक वजा. आणि माझ्या मफलरच्या कडेला जे कानासारखे फुगवटे यायचे ते का, हे पण कळलं, त्या न धरलेल्या तीन साखळ्या तिथे नुसत्या लोंबत होत्या. सव्वा वर्ष मी त्याला माझी स्टाईल समजत होते 😅

आता तिघींना सांगितलंय की साखळ्या धरायच्या, आणि तिसऱ्या साखळीत वळतानाच रंगीत सेफ्टी पिन अडकवायची, म्हणजे परत येताना शेवटचा खांब कुठे घालायचा ते दिसतं. तुळशीबागेतल्या साध्या पिना मस्त चालतात, महागडे मार्कर हवेत कशाला. काल चार ओळी झाल्या, सगळ्यांचे 30. तिघी जे काय ओरडल्यात!

पुढच्या रविवारी थालपोस (ताट झाकायचा विणलेला गोल रुमाल) घेणार होते, 12, 24, 36 असे खांब वाढवत. पण लिहितालिहिताच लक्षात येतंय की गोलात पण हीच भानगड येणार, तीन साखळ्या अधिक 11 खांब की साखळ्या सोडून 12? गोलात न धरलेल्याच बऱ्या वाटतायत, दोनच साखळ्या घ्यायच्या आणि स्लिप स्टिच (गोल जोडायचा टाका) सरळ पहिल्या खांबाच्या डोक्यात. पण मग सरळ विणताना धरायच्या आणि गोलात नाही, असं सांगितलं तर चौघी मिळून मला फाडून खातील. काकूंचा गोल तर उलट्या दिशेने फिरणार, त्यांच्यासाठी तक्ता आरशातला काढायला हवा. नकोच, आधी मुक्या खांबांचा (म्हणजे बुटक्या टाक्यांचा) छोटा कोस्टर घेते, 6, 12, 18, एकाच साखळीत भागतं.

जाता जाता, ऑनलाईन मागवलेलं ते "शंभर टक्के कॉटन" जाळून बघितलं. वितळून टणक मणी झाला. कॉटन असतं तर कागदासारखं जळून राख झाली असती. सहा गुंडे पडलेत, कोस्टरला तर ते मुळीच नको, गरम कप ठेवायचाय त्यावर. त्याची खेळणी करते आता.