तुम्ही विचारलंत म्हणून: ट्रेनिंग वॉचमनपासून सुरू करा

‘आमच्याकडे दिव्यांग मुलं-माणसं यायला लागली आहेत. स्टाफला एका दिवसाचं ट्रेनिंग देऊन टाकाल का?’ पुण्यात हे सोसायटीचे चेअरमन विचारतात, पोहण्याचा तलाव चालवणारे विचारतात, आणि उन्हाळी शिबिरवाल्या ताई मार्च उजाडला की विचारतातच. आमचं उत्तर ठरलेलं आहे: एक दिवस नको, आठवड्याच्या अंतराने तीन दुपारी द्या, दोन-दोन तास. सकाळ-संध्याकाळ बॅचेस असतात, आणि एक ते चार पुण्यात तसंही फारसं काही सुरू नसतं. मधला आठवडा मुद्दाम ठेवायचा. शिकलेलं वापरून पाहिलं की मगच खरे प्रश्न सुचतात.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत, करमणूक आणि खेळ यांसाठी वेगळी कलमंही आहेत. बरीचशी ट्रेनिंगं त्या यादीतच अडकतात. एकवीस स्लाइड, सामोसा, सर्टिफिकेट. दुसऱ्या दिवशी गेटवर व्हीलचेअर आली की वॉचमन गोंधळतो, कारण त्याला हॉलमध्ये कुणी बोलावलेलंच नसतं. फक्त कोच आणि ताई बसवल्या जातात. वॉचमन, तिकीट खिडकीवरचे काका, सफाईच्या मावशी बाहेर राहतात, आणि माणूस परत जातो तो बहुतेक वेळा त्यांच्यापाशीच.

म्हणून पहिली दुपार गेटवर. एक व्हीलचेअर आणि एक मोजपट्टी एवढंच साहित्य. दुचाक्या आत शिरू नयेत म्हणून बागांच्या तोंडाशी लोखंडी पाइप ठोकलेले असतात. व्हीलचेअरची रुंदी साधारण 65 ते 70 सेंटिमीटर, ती तिथेच अडते. मग बाजूचं मोठं फाटक, आणि त्याची किल्ली कुणाकडे, हे कुणालाच सांगता येत नाही. मोजमाप स्टाफकडूनच करून घ्या. दार 90 सेंटिमीटर हवं, खुर्ची वळायला दीड मीटर जागा हवी, आणि रॅम्पचा चढ बाराला एक. म्हणजे 15 सेंटिमीटरच्या पायरीला 1 मीटर 80 सेंटिमीटर लांबीचा रॅम्प. प्लायवूडची दोन फुटी फळी टाकून ‘रॅम्प केला’ म्हणतात, त्यावर चढताना खुर्ची मागे उलटते. तीव्र उतारावरून खुर्ची पाठमोरी न्यायची, धरणारा खालच्या बाजूला. पायऱ्यांवरून चौघांनी खुर्ची उचलण्याची हौस टाळलेलीच बरी. हाताचे आणि पायाचे आधार बऱ्याच खुर्च्यांना निघणारे असतात, ते नेमके मधल्या पायरीवर हातात येतात. उचलावंच लागलं तर पक्क्या जोडलेल्या सांगाड्याला धरा, आणि कुठे धरायचं ते बसलेल्या माणसाला आधी विचारा.

त्याच दुपारी बोलण्याचा सराव. ‘यांना काय हवंय?’ हे सोबतच्याला विचारायचं नाही, त्या व्यक्तीलाच विचारायचं. ‘मदत हवी का? कशी करू?’ एवढं म्हणून मनात दहापर्यंत मोजायचं. सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे स्नायूंवर ताबा कमी असणं) असलेल्या अनेकांना शब्द जुळवायला वेळ लागतो आणि आपण तिसऱ्या सेकंदाला त्यांचं वाक्य पूर्ण करून टाकतो. अंध व्यक्तीचा दंड धरून पुढे रेटायचं नाही. आपलं कोपर द्यायचं, ती कोपराच्या वर धरते, आपण अर्धं पाऊल पुढे चालायचं. पायरी आली की थांबायचं आणि ‘चढ’ की ‘उतार’ ते सांगायचं. खुर्चीपाशी पोहोचलं की तिचा हात खुर्चीच्या पाठीवर टेकवून द्यायचा, बाकी ती बघते.

डोळ्यांना पट्टी बांधून चालायला लावण्याचा खेळ आम्ही घेत नाही. पाच मिनिटांपूर्वी पट्टी बांधलेला माणूस घाबरतो, वीस वर्षं काठी वापरणारा घाबरत नाही. स्टाफ त्यातून कौशल्य घेऊन उठत नाही, ‘बिचारे कसं जगत असतील’ एवढंच घेऊन उठतो. ते त्यांच्याकडे आधीच भरपूर असतं.

दुसरी दुपार तलावावर, आणि इथे वेळ कमी पडतो. ‘पाण्यात दिव्यांग?’ असं अजूनही विचारलं जातं, तेही मुरलीकांत पेटकरांच्या पुण्यात. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्यावर त्यांनी 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकलं. असो.

ज्यांना फिट येते त्यांच्यासोबत पाण्यात हाताच्या अंतरावर एक माणूस, आणि त्याचं दुसरं काम काहीही नाही. फिट आली तर मागून डोकं पाण्यावर धरायचं, कडेपासून लांब ठेवायचं. झटके चालू असताना बाहेर ओढू नका, कठड्यावर डोकं आपटतं. झटके थांबले की बाहेर, श्वास बघायचा, आणि माणूस ‘बरंय’ म्हणाला तरी दवाखाना, कारण फुप्फुसात पाणी गेलेलं असू शकतं. जमिनीवर फिट आली तर घड्याळ बघा, कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ, तोंडात काहीही नाही. कांदा नाही, चप्पल नाही. पाच मिनिटांच्या वर गेली तर 108. हे पाठ असलं तरी मॅटवर करून घ्या; कांद्याची सवय ऐकून जात नाही.

कर्णबधिरांना शिट्टी ऐकू येत नाही, म्हणून शिट्टीसोबत लाल झेंडा, आणि पहिल्याच दिवशी ‘झेंडा म्हणजे कडेला या’ हे दाखवून ठेवायचं. डाउन सिंड्रोम असेल तर मानेच्या मणक्यांबद्दल डॉक्टरांचा होकार मिळेपर्यंत सूर मारणं आणि कोलांटउडी बंद. गार पाण्यात सेरेब्रल पाल्सीचे स्नायू आणखी आखडतात. सकाळी सहाची बॅच त्यांना देऊ नका. मणक्याला इजा झालेल्या अनेकांना इजेच्या खालच्या भागात त्वचेची जाणीव नसते, एप्रिलच्या उन्हातली फरशी त्यांना भाजते आणि कळत नाही, म्हणून खाली जाड मॅट. मणक्याला छातीच्या मध्यापाशी किंवा त्याच्या वर इजा असलेल्याला अचानक डोकं ठणकून घाम फुटला तर ऊन लागलं समजून आडवं करू नका. ताठ बसवा, लघवीची पिशवी किंवा नळी अडकली आहे का ते बघा, लगेच डॉक्टर.

तिसरी दुपार खेळांची. खेळ बदलायला चार गोष्टी हातात असतात: जागा, काम, साहित्य, सोबतची माणसं. एका वेळी एकच बदला, नाहीतर मूळ खेळच उरत नाही. संगीत खुर्चीत कर्णबधिर मूल असेल तर गाण्यासोबत रुमाल हलवा, गाणं थांबलं की रुमाल खाली. व्हीलचेअरवरचं मूल असेल तर खुर्च्यांऐवजी जमिनीवर मोठे चौकोन आखा. त्याला ‘तू स्कोअर लिही’ म्हणणं हा समावेश नव्हे, ती सुट्टी आहे.

बोचा हा खेळ सोसायटीसाठी फार सोयीचा. कोर्ट 12.5 बाय 6 मीटर, म्हणजे बॅडमिंटनच्या दुहेरी कोर्टात बसतं. सहा लाल चेंडू, सहा निळे, एक पांढरा. पांढऱ्याच्या जवळ आपले टाकायचे. चेंडू 275 ग्रॅमचे असतात; सुरुवातीला तेवढ्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या चालतात. ज्याला हाताने टाकता येत नाही त्याला उतरती पन्हळ द्या, दिशा मात्र त्यानेच ठरवायची.

ऑटिझमच्या मुलांसाठी आधी काय आणि मग काय हे दाखवणारी ‘आधी–मग’ अशी दोन चित्रांची पाटी, खेळ संपायच्या पाच आणि दोन मिनिटं आधी सूचना, आणि एक शांत कोपरा. श्रावण-भाद्रपदात आसपास ढोल पथकाचा सराव असेल तर त्याची वेळ पालकांना आधीच कळवा.

फॉर्मवर ‘दिव्यांगत्वाचा प्रकार’ एवढाच रकाना नको. ‘नको असेल तर कसं सांगता? फिट येते का? टॉयलेटला मदत लागते का?’ हे विचारा. टॉयलेटवरून आठवलं: दिव्यांगांसाठी बांधलेल्या टॉयलेटात झाडू-बादल्या ठेवलेल्या असतात. त्या हलवायचं काम मावशींवर ढकलू नका, त्यांना आधी दुसरं कपाट द्या.

तिसऱ्या दुपारी शिकवायला दिव्यांग व्यक्तीच हवी, आणि तिला इतर ट्रेनरइतकंच मानधन. तिने रॅम्प चुकलाय म्हटलं तर बॅच सुरू करायच्या आधी गवंडी बोलवा.