"तुम्हाला काही विचारायचंय का?" म्हटल्यावर

माझ्या पहिल्या इंटरव्ह्यूत शेवटी हा प्रश्न आला तेव्हा मी "नाही सर, सगळं क्लिअर आहे" म्हणून उठले होते, जास्त बोललो तर आगाऊ वाटू असं तेव्हा फार डोक्यात असायचं. जॉइन होऊन दोन आठवडे झाले आणि कळलं की माझ्या आधी त्याच जागेवरून दीड वर्षात ३ जण सोडून गेलेत, कारण मॅनेजर एकच काम तीनतीनदा बदलून करून घ्यायचे आणि वर उशीर का झाला विचारायचे. हे आधी कळलं असतं हो, फक्त विचारायला हवं होतं की ही पोस्ट नवीन आहे की कोणी सोडून गेलंय, आणि गेलं असेल तर का.

आता माझा पहिला प्रश्न तोच. आधीच्या माणसाला प्रमोशन मिळालं असेल तर लगेच, खुशीत सांगतात. एकमेकांकडे बघायला लागले की मी सावध होते.

आणि "कल्चर कसं आहे", "वर्क लाइफ बॅलन्स कसा आहे" हे मी विचारतच नाही. "छान आहे" सोडून दुसरं उत्तर कोण देणार? त्यापेक्षा घडलेलं विचारायचं. टीमला सुट्टीच्या दिवशी शेवटचं कधी यावं लागलं, कशामुळे, आणि त्याची बदली सुट्टी मिळाली का. ते आपल्याला "अडचणीतून मार्ग काढलेला एखादा प्रसंग सांगा" म्हणतात ना, तेच आपण त्यांना विचारायचं, कारण प्रसंग सांगायला लागलं की माणूस आपोआप खरं बोलतो, निदान गोलगोल बोलणं तरी अवघड जातं.

पहिल्या ३ महिन्यांत माझ्याकडून नक्की काय झालेलं तुम्हाला हवंय, हे मात्र ज्याच्या हाताखाली काम करायचंय त्यालाच विचारा, एचआरला विचारलंत तर ते जाहिरातीत लिहिलेलंच परत सांगतील. जमलं तर टीममधल्या कोणालाही हेच विचारा. दोघांची उत्तरं अगदीच वेगळी आली तर समजायचं की काम अजून त्यांचंच ठरलेलं नाहीये, आणि तो गोंधळ नंतर आपल्यालाच निस्तरावा लागतो.

पगाराचं खोलात पहिल्याच राउंडला नको, पण ऑफर आली की अजिबात लाजू नका. फिक्स किती, व्हेरिएबल (म्हणजे कामगिरीप्रमाणे कमीजास्त होणारा पगाराचा भाग) किती, गेल्या वर्षी व्हेरिएबल प्रत्यक्षात किती टक्के दिलं (हे विचारायचं खूप जण विसरतात!), नोटीस पिरियड किती, बॉण्ड (म्हणजे ठरावीक काळ नोकरी सोडायची नाही असा करार) आहे का. सगळं मेलवर लेखी घ्या.

४-५ प्रश्न वहीत लिहून न्या, बघून विचारले तरी काही बिघडत नाही. आणि उठायच्या आधी पुढचा राउंड कोण घेणार, किती दिवसांत कळवणार, आणि तोपर्यंत नाही कळवलं तर मी कोणाला मेल करू, एवढं विचारूनच निघा, म्हणजे आठवडाभर फोनकडे बघत बसावं लागत नाही.