६७ काउंट्यांचा नकाशा पुन्हा रंगवताना

मागील नोंद लिहिली तेव्हा अमेरिकेतील पेनसिल्वेनिया राज्याच्या ६७ काउंट्यांचा (म्हणजे जिल्ह्यांचा) औद्योगिक प्रदूषणाचा नकाशा जवळजवळ पूर्ण झाला आहे, असे मी मोठ्या विश्वासाने म्हटले होते. त्यानंतरच्या आठ महिन्यांत तो नकाशा मी तीनदा पुसून पुन्हा रंगवला, आणि आज हाती जे आहे ते मूळ कल्पनेपेक्षा बरेच निराळे आहे. आपल्यापैकी काही जण आपापल्या राज्याचा असाच नकाशा करण्याच्या खटपटीत आहेत. माझ्या चुका त्यांच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून ही नोंद जरा विस्ताराने लिहीत आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगायचे तर नकाशाला दोन आधार आहेत. पहिला आधार टीआरआयचा. अमेरिकेतील कारखान्यांनी वर्षभरात कोणते विषारी द्रव्य किती पौंड हवेत, पाण्यात आणि जमिनीत सोडले याची ही सरकारी नोंदवही असून आदल्या वर्षाचा हिशेब कारखान्यांनी दर १ जुलैपर्यंत द्यायचा असतो. दुसरा आधार ईपीए या अमेरिकी पर्यावरण संरक्षण संस्थेकडील मापनकेंद्रांच्या वार्षिक फायलींचा, ज्यातून मी पीएम २.५ या सूक्ष्म धूलिकणांचे आकडे घेतो. टीआरआयचे आपल्याशी एक नाते आहे, जे येथील हौशी मंडळींनाही अनेकदा ठाऊक नसते. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळची वायुगळती झाली, आणि पुढच्या ऑगस्टमध्ये युनियन कार्बाइड या त्याच कंपनीच्या वेस्ट व्हर्जिनियातील इन्स्टिट्यूट या गावच्या कारखान्यातूनही गळती झाली. या दोन घटनांनंतर १९८६ चा जो कायदा आला, त्यातून ही नोंदवही जन्माला आली. पिट्सबर्गजवळच्या उपनगरात बसून ती फाईल उतरवून घेताना मला दर वेळी भोपाळ आठवते.

आता चुकांकडे वळतो. पहिल्या नकाशात मॅककीन काउंटी पांढरीशुभ्र आली होती आणि मी तीन आठवडे भेटेल त्याला राज्यातील सर्वांत स्वच्छ काउंटी म्हणून तिचे कौतुक सांगत होतो. वास्तविक १८८१ पासून अखंड चालणारी ब्रॅडफर्डची तेलशुद्धीकरण रिफायनरी याच काउंटीत आहे, तेव्हा मला शंका यायला हवी होती. घोळ नावाचा होता. एका फायलीत काउंटीचे नाव सगळ्या मोठ्या अक्षरांत होते, दुसरीत मधले ‘के’ तेवढे मोठे होते. माझ्या प्रोग्रामने पहिले अक्षर सोडून बाकीची लहान करून टाकली आणि दोन्ही नावे एकमेकांना भेटलीच नाहीत. न जुळलेल्या रकान्यात शून्य भरायची आज्ञा मीच दिली होती. तेव्हापासून नावांना रजा देऊन मी काउंटीच्या सांकेतिक क्रमांकावर जोडणी करतो (राज्याचा ४२, त्यापुढे काउंटीचे तीन अंक), आणि जेथे माहिती नाही तेथे शून्य न भरता तिरप्या रेघा मारतो.

दुसरी चूक मापनकेंद्रांच्या फायलीतील होती. जून २०२३ मध्ये कॅनडातील वणव्यांचा धूर येथे येऊन आभाळ पिवळे पडले होते, हे अनेकांना आठवत असेल. अशा असाधारण घटनांमुळे वार्षिक फायलीत एकाच केंद्राच्या एकाच वर्षासाठी कधी दोन ओळी असतात, एक घटना धरून आणि दुसरी वगळून. मी दोन्ही ओळी घेऊन त्यांची सरासरी काढत होतो. आता वणव्याचा धूर वगळलेली ओळ जेथे असेल तेथे तीच घेतो, कारण हा नकाशा कारखान्यांचा आहे, जंगलांचा नाही. ज्याला माणसांच्या फुप्फुसांत प्रत्यक्ष काय गेले हे दाखवायचे असेल त्याने अर्थात उलट करावे.

या दोन्ही चुका हिशेबाच्या होत्या. खरी अडचण पुढची आहे, आणि या नोंदीचा बहुतेक भाग मी तिच्यासाठीच राखून ठेवला आहे. टीआरआयचे पौंड एका रंगात आणि धूलिकणांची सरासरी दुसऱ्या रंगात रंगवून दोन्ही नकाशे शेजारी ठेवले, तेव्हा ते एकमेकांशी बोलतच नव्हते.

पेनसिल्वेनियातल्याच इंडियाना काउंटीचे उदाहरण घेऊ. होमर सिटीचे कोळशावरचे वीजकेंद्र १ जुलै २०२३ रोजी बंद झाले, तोपर्यंत ही काउंटी माझ्या पौंडांच्या नकाशात गडद असे. अशा केंद्राच्या धुराड्यातून निघणारे हायड्रोक्लोरिक आणि सल्फ्युरिक आम्लाचे तुषार वजनाला भारी असतात. पण तेथील सर्वांत उंच धुराडे १,२०० फुटांहून अधिक उंच होते, आणि एवढ्या उंचीचा हेतूच मुळी असा की धूर खालच्या गावावर न उतरता वाऱ्याबरोबर दूर जावा. म्हणजे नोंद इंडियाना काउंटीच्या नावावर आणि धूर पूर्वेकडच्या काउंट्यांच्या वाट्याला. ते धुराडे मार्च २०२५ मध्ये स्फोटके लावून पाडण्यात आले.

याच्या नेमके उलट लँकेस्टर काउंटीचे आणि तिच्या शेजारच्या लेबनॉनचे. मोठी धुराडी तेथे फारशी नाहीत. आहेत ती आमिश या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची शेते, दुभती जनावरे आणि कोंबड्यांची लांबच लांब खुराडी. तरीही हिवाळ्यात तेथील मापनकेंद्रे राज्यातील वरच्या आकड्यांमध्ये असतात. शेणखतातून निघणारा अमोनिया वाहनांच्या आणि वीजकेंद्रांच्या धुरातील नायट्रोजन ऑक्साइडपासून बनलेल्या नायट्रिक आम्लाशी थंड हवेत संयोग पावतो आणि अमोनियम नायट्रेटचे सूक्ष्म कण तयार होतात. शेती टीआरआयच्या उद्योगांच्या यादीत बसत नाही, त्यामुळे या अमोनियाचा एक पौंडही माझ्या पहिल्या नकाशात नव्हता.

पौंडांविषयी आणखी एक गोष्ट. टीआरआयमधले आकडे कारखाने स्वतःच कळवतात, त्यांतले बरेचसे मोजलेले नसून सूत्रांवरून काढलेले अंदाज असतात, आणि दहापेक्षा कमी कामगारांचे कारखाने त्यात येतच नाहीत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सगळे पौंड सारखे नसतात. वैद्यकीय साहित्य निर्जंतुक करण्यासाठी वापरला जाणारा एथिलिन ऑक्साइड थोडा जरी सुटला तरी तो पुष्कळशा अमोनियापेक्षा कर्करोगाच्या दृष्टीने अधिक घातक ठरतो. त्यामुळे वजनाऐवजी विषारीपणाने गुणलेला आकडा घ्यावा लागतो. ईपीएने त्यासाठी आरएसईआय नावाची प्रणाली तयार ठेवली आहे आणि मी आता तीच वापरतो. ज्यांच्याकडे आकाराने मोठ्या पण विरळ वस्तीच्या काउंट्या आहेत (आमच्याकडे पॉटर आणि टायोगा), त्यांनी लोकसंख्येचाही हिशेब धरावा, नाहीतर नकाशावर रंग दिसतो तो जंगलाचाच.

आता माझ्या घरच्या डबीविषयी. ओसरीच्या खांबावर पांढऱ्या प्लास्टिकच्या डबीत प्लँटॉवर कंपनीचा पीएमएस ५००३ हा धूलिकण मोजणारा लेझर सेन्सर, आर्द्रतेसाठी बीएमई २८० आणि आकडे फोनवर पाठवणारी ईएसपी ३२ ही छोटी चिप बसवली आहे. पहिल्या महिन्यात रोज संध्याकाळी सातच्या सुमारास आलेख ताडकन वर चढायचा. मी वाऱ्याच्या दिशा तपासल्या, महामार्गावरील वर्दळीचे तास तपासले, एवढेच नव्हे तर कारखान्यांच्या पाळ्या बदलण्याच्या वेळाही शोधून काढल्या. एका शनिवारी आई स्वयंपाकघरात आमटीला फोडणी देत असताना मी ओसरीवर डबीपाशीच उभा होतो. मोहरी तडतडल्याचा आवाज आला, पाठोपाठ मिरचीचा खाट नाकाला झोंबला, आणि हातातल्या फोनवर आकडा चढताना दिसला. चिमणीचे बाहेरचे तोंड डबीपासून जेमतेम चार हात अंतरावर होते. “माझ्या फोडणीलाही तुमच्या कारखान्यांच्या यादीत घातलंस की काय?” असे आईने विचारले, त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. डबी घराच्या दुसऱ्या अंगाला नेली.

सेन्सर वापरणाऱ्या प्रत्येकाने पुढची बाब अवश्य तपासावी. पीएमएस ५००३ एकाच वेळी आकड्यांचे दोन संच देतो, एक सीएफ-१ आणि दुसरा वातावरणीय. हवा बरी असते तेव्हा दोन्ही आकडे तंतोतंत सारखे येतात, त्यामुळे आपण चुकीचा रकाना वाचतो आहोत हे लक्षातच येत नाही. हवा बिघडली की दुसरा संच पहिल्याच्या खाली राहू लागतो. म्हणजे ज्या दिवसांसाठी सेन्सर लावला त्याच दिवशी चूक होते. पर्पलएअर कंपनीच्या तयार सेन्सरसाठी, ज्यांपैकी अनेकांत हेच यंत्र असते, ईपीएच्या संशोधकांनी काढलेले दुरुस्तीचे सूत्र सीएफ-१ वर बेतलेले आहे. सीएफ-१ च्या आकड्याला ०.५२४ ने गुणावे, त्यातून सापेक्ष आर्द्रतेची ०.०८६२ पट वजा करावी आणि ५.७५ मिळवावेत. कच्चा आकडा ४० आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर दुरुस्त आकडा सुमारे १९ येतो. दमट पहाटे कण पाणी शोषून फुगतात आणि लेझरला ते आहेत त्याहून मोठे वाटतात. ही दुरुस्ती न करता कोणी आरडाओरडा करू नये. मी केला होता.

पहाट हा शब्द मी मुद्दाम वापरला. पिट्सबर्गच्या दक्षिणेला मोनोंगहेला नदीचे खोरे आहे, आणि त्यात क्लेअर्टनचा कोक कारखाना आहे, देशातील सर्वांत मोठा. तेथे दगडी कोळसा हवेशिवाय तासन्‌तास भाजून पोलाद भट्ट्यांसाठी कोक बनवतात, आणि शेकडो भट्ट्यांच्या दारांच्या फटींतून बेंझिन, हायड्रोजन सल्फाइड असे वायू थोडेथोडे गळत असतात. रात्र निरभ्र आणि वारा पडलेला असला की खोऱ्याच्या तळाशी थंड हवा साचते आणि वर उबदार हवेचे झाकण बसते. भूगोलाच्या पुस्तकात याला आपण तापमानाची विपरीतता म्हणून शिकलो. या भागात वर्षाकाठी शंभराहून अधिक दिवस असे घडते, आणि उन्हे चढून झाकण उचलले जाईपर्यंत कारखान्याने सोडलेले सारे खोऱ्यातच कोंडून राहते. अशा दिवशी पहाटे साडेपाचला दार उघडले तर सडक्या अंड्याचा वास आमच्या घरापर्यंत येतो. दुपारी दोनला त्याच अंगणात काहीही जाणवत नाही.

अशा जागी काउंटीची वार्षिक सरासरी काय सांगणार? अ‍ॅलेगेनी काउंटीत क्लेअर्टनसमोरच्या टेकडीवरचे लिबर्टी हे मापनकेंद्र आहे, आणि त्याच काउंटीत उत्तरेची झाडीने वेढलेली उपनगरेही आहेत. ईपीएनेही एके काळी लिबर्टी, क्लेअर्टन, ग्लासपोर्ट, लिंकन आणि पोर्ट व्ह्यू या पाच गावांचा धूलिकणांसाठी काउंटीपासून वेगळा विभाग पाडला होता. शितावरून भाताची परीक्षा होते ती भात एकाच पातेल्यात शिजलेला असतो म्हणून. येथे पातेलीच निराळी आहेत. २०२४ मध्ये पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा १२ वरून ९ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरवर आणली गेली, त्यानंतर ही पातेली वेगळी दाखवणे अधिकच गरजेचे झाले आहे.

ऑक्टोबरच्या अखेरीस मी याच नदीकाठच्या डोनोरा या गावी जाऊन आलो. १९४८ च्या ऑक्टोबरमधील शेवटच्या आठवड्यात याच खोऱ्यात झाकण चार-पाच दिवस उचललेच गेले नाही, जस्ताच्या कारखान्याचा धूर गावावर साचून २० माणसे दगावली आणि हजारो आजारी पडली. ३१ तारखेला पाऊस आला तेव्हा हवा मोकळी झाली. गावात त्या घटनेचे छोटे संग्रहालय आहे. मला मात्र नदीचा काठ पाहायचा होता. डोनोरा वॉशिंग्टन काउंटीत आहे आणि समोरच्या काठावरचे वेबस्टर हे वेस्टमोरलँड काउंटीत, कारण काउंट्यांची सीमा नदीच्या पात्रातून जाते. कारखाना या काठावर, आणि धुराने उजाड झालेली शेते व फळबागा त्या काठावर. माझ्या नकाशात कारखान्याचे पौंड एका काउंटीत पडले असते आणि समोरचे वेबस्टर कोरे राहिले असते. काठावर उभे राहिले की वेबस्टरची घरे इतकी जवळ दिसतात की हाक मारली तर ऐकू जाईल.

म्हणून सध्याचा नकाशा असा आहे. काउंट्यांच्या सीमा फिकट करड्या रेघांनी राहिल्या आहेत, पण रंग काउंटीला नाही. प्रत्येक कारखाना आपल्या जागेवर ठिपका म्हणून येतो आणि ठिपक्याचा आकार विषारीपणाने गुणलेल्या उत्सर्जनावरून ठरतो. त्यात धुराड्यातून सोडलेले आणि गळतीने सुटलेले यांना वेगळे रंग आहेत, कारण गळती जमिनीलगत राहते. मापनकेंद्रे चौकोनांनी दाखवली आहेत आणि खाली उंचसखलपणाची छाया आहे. अमोनिया, सल्फर डायऑक्साइड आणि धूलिकणांसाठी टीआरआय पुरत नाही, म्हणून दर तीन वर्षांनी येणारी राष्ट्रीय उत्सर्जन सूची जोडायला घेतली आहे. लँकेस्टर त्यात प्रथमच उठून दिसू लागली आहे.

दुसरी डबी तयार आहे. खोऱ्याच्या तळाशी राहणाऱ्या एका स्नेह्यांनी ती आपल्या मागील दारी लावू देण्याचे कबूल केले आहे आणि तिसरी त्यांच्याच रस्त्याच्या वरच्या टोकाला, सुमारे ३०० फूट उंचीवर, लावायची आहे, म्हणजे झाकण केव्हा बसते आणि केव्हा उठते हे दोन्ही आलेखांतील फरकावरून कळेल. त्याआधी तिन्ही डब्या दोन आठवडे माझ्या ओसरीवर शेजारी शेजारी ठेवून त्यांचे आकडे जुळवून घेत आहे. तिसरी डबी इतर दोघींपेक्षा सतत थोडी वर दाखवते. काल उघडून पाहिली तेव्हा पंख्याच्या तोंडाशी कोळ्याने जाळे विणायला घेतले होते.